साहेबांना दुखणं नको, काम सांगा

मी पगारपत्रकं करते. हजेरी, रजा, ओव्हरटाइम, कपाती हे सगळं जुळवून ठरलेल्या तारखेला लोकांच्या खात्यात पैसे पडले पाहिजेत, एवढंच माझं काम. ती तारीख हलत नाही. आणि मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे. त्याला कुठलीच तारीख पाळायची सवय नाही. या दोघांना एकाच टेबलावर बसवून बरीच वर्षं नोकरी चालली आहे. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते.

माझी उदाहरणं सांध्यांची असतील. तुमचं दुखणं मधुमेह असेल, मायग्रेन असेल, आतड्यांची सूज, ल्यूपस, किडनी, काहीही. तपशील बदलतील, पण ऑफिसातली कुचंबणा सगळ्यांची एकाच जातीची असते, कारण तिचं मूळ वेदनेपेक्षा बेभरवशाच्या तब्येतीत आहे. पाय मोडला तर प्लास्टर, काही आठवडे घरी, मग बरं, हे कोणालाही समजतं. पण सोमवारी जिना चढून आलेल्या बाईला बुधवारी बाटलीचं झाकण फिरवता येत नाही आणि शुक्रवारी ती पुन्हा धडधाकट दिसते, हे लोकांच्या हिशेबात बसत नाही. मग ‘सोयीस्कर आजारी पडते’ अशी कुजबुज सुरू होते. खाली जे काही आहे त्यातला बराचसा खटाटोप या बेभरवशाला थोडी शिस्त लावण्याचा आहे.

आधी आपली घडी ओळखा

कोणाशी काही बोलण्याआधी काही आठवडे एक वही ठेवा. डॉक्टर विचारतात तसे वेदनेला दहापैकी गुण देत बसू नका. साहेबांना ‘आज सात’ म्हणून काहीच कळत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही नंतर कळत नाही. कुठलं काम, किती वाजता, किती जमलं ते लिहा. माझ्या वहीतल्या नोंदी अशा आहेत: ‘दहापर्यंत पेन धरता आलं नाही.’ ‘दुपारी टायपिंग व्यवस्थित.’ ‘चारनंतर तेच पत्र तीनदा वाचलं.’ शेजारी झोप कशी झाली आणि औषध कधी घेतलं एवढं पुरे.

अशा नोंदींतून काहीतरी आकार दिसायला लागतो. आमवातात सकाळचा ताठरपणा हा ठळक असतो. झिजेच्या सांधेदुखीत उठल्यावर सांधे आखडतात ते बहुधा अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात. आमवातात तासभर, कधी त्याहून जास्त लागतो. रात्री सूज वाढवणारी रसायनं, विशेषतः इंटरल्यूकिन-६, पहाटेपर्यंत चढत जातात आणि ती दाबायला शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल पुरं पडत नाही. हे कळल्यावर माझा एक मोठा भ्रम गेला, की लवकर उठून आवरलं की सगळं ठीक होईल. लवकर उठायला हवंच, पण सकाळी नऊची बोटं दुपारी बाराच्या बोटांसारखी चालणार नाहीत, हे धरूनच काम लावावं लागतं.

दुसरी घडी औषधाची. आमवातात मेथोट्रेक्सेट हे औषध बहुतेकांना मिळतं. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, आणि ही ‘एकदाच’ची अट जीवावरची आहे, चुकून रोज घेतल्यामुळे माणसं दगावलेली आहेत. म्हणून डबीवर वाराचं नाव ठळक लिहून ठेवा. अनेकांना गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळतं, अंगात त्राण नसतं. माझा वार सुरुवातीला आठवड्याच्या मधोमध होता. डॉक्टरांना विचारून तो सुट्टीच्या आदल्या संध्याकाळवर नेला आणि मळमळ सुट्टीत गेली. सुट्टी वाया जाते हे खरं आहे; त्याबद्दल माझी कुरकुर अजून संपलेली नाही. तुमचं औषध वेगळं असेल, पण ‘याची वेळ किंवा वार बदलता येईल का, माझं काम असं असं आहे’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. स्वतःच्या मनाने बदलू नका. स्टेरॉइड चालू असेल तर ते एकदम बंद करण्याच्या वाटेला तर अजिबात जाऊ नका.

तिसरी घडी कामाची, आणि ती आपल्या हातात सगळ्यात जास्त असते. पूर्वी सगळ्या विभागांची हजेरी माझ्याकडे महिनाअखेरीस एकदम यायची आणि शेवटचे चार दिवस हातांचा भुगा व्हायचा. आता मी ती दर आठवड्याला मागवते. चुका तेव्हाच दिसतात, विभागवाल्यांनाही गेल्या आठवड्यातलं आठवत असतं, आणि अखेरीला फक्त शेवटच्या आठवड्याची भर घालायची उरते. यासाठी मला कोणाकडून सवलत मागावी लागली नाही, उलट शाबासकी मिळाली. आपल्या कामातला असा चढ कुठे आहे ते शोधा आणि तो आधीच्या दिवसांत पसरवा. दिवसाचंही तसंच: सकाळी फोन, वाचन, तपासणी, बोटं सुटली की टायपिंग, आकडेमोडीचं अवघड काम डोकं थकण्याआधी.

सांगायचं का, आणि कोणाला

याला सगळ्यांना लागू पडणारं उत्तर नाही. पण एक गट असा आहे ज्यांनी सांगायलाच हवं, असं मी ठामपणे म्हणेन. ज्यांची शुद्ध हरपू शकते, म्हणजे इन्सुलिन घेणारे, फेफरं येणारे, ज्यांना तीव्र ॲलर्जी आहे, अशांनी जवळ बसणाऱ्या निदान दोन माणसांना कल्पना द्यावी. दोन एवढ्यासाठी, की एक नेमका रजेवर असतो. त्यांना व्याख्यान नको. काय करायचं तेवढं सांगा. रक्तातली साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की साधारण १५ ग्रॅम चटकन भिनणारी साखर द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, रुग्णवाहिका बोलवायची. फेफरं आलं तर घड्याळ बघायचं, आजूबाजूच्या टोकदार वस्तू सरकवायच्या, झटके ओसरले की कुशीवर वळवायचं, तोंडात चमचाबिमचा खुपसायचा नाही, हात-पाय दाबून धरायचे नाहीत; पाच मिनिटांत थांबलं नाही तर रुग्णवाहिका. हे एका कार्डावर लिहून खणात ठेवा आणि खण कुठला ते दाखवून ठेवा.

बाकीच्यांनी हिशेब करून सांगावं. कामात काही बदल हवा असेल तर जो काम नेमून देतो त्याला सांगावं लागेल. काहीच बदल नको असेल, तर सांगण्याची सक्ती नाही. मला लोक विचारतात, मुलाखतीत सांगू का? माझं मत असं: मुलाखत कामाबद्दल असते, तिथे आपणहून आजार काढायची गरज नाही. पण पहिल्या दिवसापासून एखादी सोय लागणारच असेल, तर नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर आणि रुजू होण्याआधी ती मागा. आणि वैद्यकीय माहितीचा छापील फॉर्म पुढे आला तर त्यावर खोटं लिहू नका. पुढे कधी काही बिनसलं तर आजारापेक्षा ती खोटी सही महागात पडते. असे कागद माझ्या टेबलावरून गेलेले आहेत.

साहेबांशी बोलायला बऱ्यापैकी बरा दिवस निवडा. कळा येत असताना बोललं की एकतर रडू येतं नाहीतर आवाज चढतो, आणि समोरचा घाबरून ‘तुम्ही घरी जा, विश्रांती घ्या’ म्हणतो. आपल्याला घरी जायचं नसतं, काम करायचं असतं. महिनाअखेर, वार्षिक मूल्यमापनाचा आठवडा, कोणीतरी नुकतंच चुकल्यामुळे तापलेलं वातावरण, या वेळाही टाळा.

आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नका. मी अनेकांना बघितलं आहे: अर्धा तास निदान, तपासण्या, कोणत्या डॉक्टरांनी काय म्हटलं हे सांगतात आणि हवं असलेलं मागतच नाहीत. ऐकणाऱ्याला वाईट वाटतं, पण त्याने करायचं काय हे त्याला कळत नाही. चार वाक्यं पुरतात. काम कोणतं, अडचण कुठे येते, काय बदललं तर काम पूर्ण होईल, आणि त्याचा इतरांवर काय परिणाम होईल. आजाराचं नाव सांगायचं की ‘सांध्यांचा दीर्घकाळ चालणारा आजार’ एवढ्यावर थांबायचं हे तुमच्या मर्जीवर. नाव सांगितलं की लोक मोबाइलवर शोधतात आणि सगळ्यात भयानक फोटो बघून येतात, म्हणून मी सुरुवातीला सांगितलं नव्हतं.

बोलणं झाल्यावर त्याच दिवशी ते लिहून पाठवा. तोंडी ‘हो हो, बघू’ला साहेब बदलला की काही किंमत राहत नाही. माझा ईमेल साधारण असा होता:

‘नमस्कार मॅडम, सकाळी बोललो त्याप्रमाणे लिहीत आहे. मला सांध्यांचा दीर्घकाळ चालणारा आजार आहे, औषधं चालू आहेत. सकाळी पहिले दीड-दोन तास बोटं पूर्ण मिटत नाहीत, त्यामुळे त्या वेळात डेटा एंट्री हळू होते आणि चूक होण्याचा धोका असतो. माझी वेळ नऊ ते साडेपाचऐवजी साडेदहा ते सात करता येईल का? सकाळच्या हजेरीच्या शंका शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बघायला तयार आहेत. त्यांच्या संध्याकाळच्या बँकेच्या फायली मी बघेन. पगाराच्या तारखेत फरक पडणार नाही. एक महिना असं करून बघू आणि नंतर बसून ठरवू. डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे.’

यातलं ‘एक महिना करून बघू’ हे सगळ्यात उपयोगी. कायमची सवलत द्यायला कोणीही बिचकतं. महिन्याभराच्या प्रयोगाला नाही म्हणणं अवघड जातं. आणि महिनाभर काम नीट झालं की तो प्रयोग आपोआप रीत होऊन बसतो. सहकाऱ्याला आधी विचारून मगच तिचा उल्लेख केला होता, हे सांगायला नको. एका वेळी एकच गोष्ट मागा. वेळ, खुर्ची, घरून काम आणि पार्किंग हे सगळं एका पत्रात घातलं तर त्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट मिळते आणि बाकीच्या ‘दिलं की तुम्हाला’ म्हणून बंद होतात.

डॉक्टरांचं पत्र

हे वेगळं लिहिते, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो. डॉक्टर घाईत असतात. ते निदान लिहितात आणि खाली ‘विश्रांतीचा सल्ला दिला आहे’. ऑफिसच्या दृष्टीने असं पत्र निरुपयोगी, किंबहुना उलटणारं असतं. त्याचा अर्थ ‘ही व्यक्ती काम करायला योग्य नाही’ असा काढता येतो. पत्रात हवं ते असं: ही व्यक्ती काम करू शकते, अमुक हालचाल किंवा अमुक वेळ त्रासाची आहे, तमुक बदलाने काम सुरळीत होईल, हे किती महिन्यांसाठी आणि पुन्हा कधी तपासणार. तुम्ही हे मुद्दे तुमच्या वहीतून एका कागदावर काढून घेऊन जा आणि डॉक्टरांपुढे ठेवा. माझ्या डॉक्टरांना याचा राग आला नाही. लिहिण्याचे कष्ट वाचले म्हणून त्यांना बरंच वाटलं. रक्ताचे अहवाल, औषधांची यादी ऑफिसला द्यायची गरज सहसा नसते. मागितलीच तर ‘ही माहिती कामाच्या कोणत्या निर्णयासाठी लागते आहे?’ असं शांतपणे विचारा.

डॉक्टरांकडे गेलाच आहात तर त्यांना तुमचं कामही नीट सांगा. ‘ऑफिसात असते’ म्हटलं तर ते धरून चालतात की बसून असते, म्हणजे सोपंच आहे. दिवसाला किती तास टायपिंग, किती फायली उचलायच्या, किती प्रवास, हे त्यांना कळलं तर औषध वाढवायचं की नाही याचा निर्णयही बदलू शकतो. हाताच्या रोजच्या कामासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं त्रास न होता कशी करायची ते शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडे, पाठवायला सांगा. फिजिओथेरपिस्ट सगळ्यांना ठाऊक असतो, हा दुसरा माणूस मात्र फार थोड्यांना, आणि नोकरीच्या अडचणींत त्याचाच जास्त उपयोग होतो.

कायदा

थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार मंजूर केला. त्यात ‘वाजवी सोय’ ही कल्पना आहे: अवाजवी बोजा न पडता करता येण्याजोगा, त्या व्यक्तीला लागणारा बदल. तो नाकारणं हाही भेदभावच, असं करार म्हणतो. अनेक देशांचे कायदे याच धर्तीवर आहेत, पण आजाराला कुठे बसवायचं याबाबत प्रत्येकाची रीत निराळी. अमेरिकेच्या १९९०च्या कायद्यात २००८ साली दुरुस्ती होऊन स्पष्ट झालं की येऊन-जाऊन असणारा आजार तो भरात असताना किती अडवतो यावरून मोजायचा. आपल्यासारख्यांसाठी ते फार मोलाचं वाक्य आहे. ब्रिटनचा २०१०चा कायदा परिणाम १२ महिने टिकला आहे किंवा टिकण्यासारखा आहे का ते बघतो. भारताचा २०१६चा कायदा अपंगत्वाचे २१ प्रकार मोजतो. त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा एक दीर्घ आजार), पार्किन्सन, सिकल सेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया नावानिशी आहेत. आमवात नावाने नाही, पण त्यामुळे हातापायांच्या हालचालीवर आलेली बंधनं त्यात बसू शकतात. तुम्ही जिथे काम करता तिथला कायदा आणि कंपनीचे लेखी नियम वाचून ठेवा. पहिल्या पत्रात मात्र कलमं टाकू नका. समोरचा लगेच वकिलाकडे पळतो, आणि जे खुर्ची सरकवून सुटणार होतं त्याची फाइल तयार होते.

टेबलावर

संगणकावर सगळ्यात वाईट काय, तर बटण दाबून धरून माउस ओढणं. विंडोजमध्ये माउसच्या सेटिंगमध्ये ‘क्लिकलॉक’ आहे. ते चालू केलं की क्षणभर दाबून सोडायचं, ओढायचं, पुन्हा दाबलं की सुटतं. दोन-तीन कळा एकदम दाबणं जड जात असेल तर शिफ्ट पाचदा दाबा, ‘स्टिकी कीज’ सुरू करायचं का असं विचारतं. हो म्हणा, मग कळा एकामागून एक दाबल्या तरी चालतात. लोक हे चुकून सुरू करतात आणि वैतागून बंद करतात. बोलून लिहिण्यासाठी विंडोजची कळ आणि एच. फोनवर कीबोर्डवरचा माइक. मोठी उत्तरं मी बोलूनच लिहिते आणि शेजारच्यांना आता त्याची सवय झाली आहे.

उभा माउस काहींना मानवतो, काहींना नाही. विकत घेण्याआधी कोणाचा तरी वापरून बघा. पेनाला जाड रबरी पकड. स्टेपलरऐवजी क्लिपा. जाड फाइल बोटांच्या चिमटीत उचलू नका, दोन्ही हात खालून घालून कोपरापासूनच्या भागावर पेला. दार खांद्याने लोटा. लॅपटॉपची बॅग दोन्ही खांद्यांवर, बोटांत लटकवलेली कधीच नको. लहान सांध्यांचं काम मोठ्या सांध्यांवर ढकलायचं, एवढं एक सूत्र धरलं की बाकीचं आपलं आपल्याला सुचतं.

एका जागी बसून राहिलं की सांधे पुन्हा आखडतात. अर्ध्या तासाने उठायचं, पाणी भरून आणायचं, प्रिंटरपर्यंत जायचं. लांबलचक मीटिंगच्या सुरुवातीलाच मी सांगून टाकते, ‘मी मधेच उभी राहीन, लक्ष देऊ नका.’ आधी सांगितलं की कोणी वळून बघत नाही. आतड्यांचा आजार असलेल्यांनीही हेच करावं आणि दाराजवळची खुर्ची पकडावी.

एसीच्या झोताखाली माझे हात गोठतात. पण गंमत अशी की मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या माणसाला याच्या उलट हवं असतं. अंग तापलं की त्यांची लक्षणं वाढतात. श्रमानंतर अशा रुग्णांची नजर काही वेळ अंधूक होते, हे विल्हेल्म उटहॉफ या डॉक्टरने १८९०मध्येच नोंदवलं आहे. म्हणून एसीच्या आकड्यावरून भांडू नका, जागा बदलून मागा. कोणालातरी तुमची थंड जागा हवीच असते.

मनगटाचं स्प्लिंट, म्हणजे सांध्याला आधार देणारा पट्टा, घालायचा संकोच अनेकांना वाटतो. मला वाटत नाही. स्प्लिंट दिसलं की लोक दार उघडून धरतात. थकव्यासाठी अजून कोणी धरलेलं नाही.

रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर आणखी एक: समोरचा शिंकत असेल तर जागेवरून उठा, शरमू नका. साथ असेल त्या आठवड्यात घरून काम मागणं हे पूर्णपणे योग्य कारण आहे. ऑफिसात लस देण्याचा कार्यक्रम असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण जिवंत विषाणूंच्या लसी अशा औषधांबरोबर सहसा देत नाहीत.

ज्या दिवशी जमणारच नाही

तो दिवस येणार हे गृहीत धरून त्याची फाइल आज, बरं वाटत असताना करा. माझ्या फोल्डरचं नाव ‘मी नसेन तर’ असं आहे. त्यात चालू महिन्याचं काम कुठपर्यंत आलं, कुठल्या विभागाची कोणती शंका अडली आहे, कोणाला फोन करायचा आणि बँकेची फाइल पाठवायच्या पायऱ्या, असं सगळं आहे. पासवर्ड नाहीत, त्यासाठी आयटीकडून सहकाऱ्याला रीतसर परवानगी काढून ठेवली आहे. रोज निघताना पाच ओळी ताज्या करते. त्यामुळे सकाळी फोन करताना लांबण लावावी लागत नाही: ‘आज येत नाही. फोल्डर ताजं आहे. दुपारी दोनला मेसेज बघेन.’ झालं. लक्षणांचं वर्णन नको आणि माफीचा पाढाही नको. पुन्हा कधी भेटाल ती वेळ तेवढी सांगा, लोकांना तीच हवी असते.

जी सहकारी माझं काम सांभाळते तिचं ऋण मी शब्दांनी फेडायला जात नाही. तिला वार्षिक ऑडिटचे कागद लावणं अगदी नकोसं वाटतं. ते मी करते. बरे दिवस कोणासाठी तरी वापरले की वाईट दिवस मागायला जीभ अडत नाही.

रजेचं गणितही आधी मांडा. मेथोट्रेक्सेटवर रक्त, यकृत, किडनी यांच्या तपासण्या ठराविक अंतराने होतातच. औषध सुरू झाल्यावर लवकर लवकर, मग साधारण दोन-तीन महिन्यांनी. म्हणजे या रजा अचानकच्या नाहीतच. त्या वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर टाका. सकाळी रक्त देऊन कामावर येणं जमत असेल तर पूर्ण दिवस खर्ची घालू नका. अचानकच्या रजा खऱ्या अचानक दुखण्यासाठी ठेवा. आणि नवीन औषध सुरू होणार असेल तर साहेबांना एवढं सांगून ठेवा की ते लागू पडायला सहा ते बारा आठवडे जातात. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात ‘औषध चालू झालं ना, मग?’ असा प्रश्न येतो.

थकवा

याबद्दल आपण सगळ्यात कमी बोलतो, कारण ‘मी पण दमलोय’ हे उत्तर तयार असतं. आजाराचा थकवा झोपून जात नाही. दाह स्वतःच थकवतो, रक्त कमी झालेलं असतं, रात्री कुशीवर वळताना जाग येते. म्हणून आधी डॉक्टरांना सांगा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप यांतलं काही सुधारता येण्यासारखं असेल तर ते आधी सुधारा. उरलेल्याशी जुळवून घ्या.

ऑफिसात मी स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेवत नाही, कागदावर ठेवते. चारनंतर कुठलीही रक्कम अंतिम करत नाही. गेल्या महिन्याची बेरीज, या महिन्याची बेरीज, फरक का, हे तीन आकडे जुळल्याशिवाय फाइल पुढे जात नाही, मग कितीही बरं वाटत असो. ‘थकव्यात चूक झाली’ हे कारण एकदा ऐकून घेतात, दुसऱ्यांदा तुमच्या सगळ्याच कामाकडे संशयाने बघतात. आणि बऱ्या दिवशी मागचं सगळं उरकून टाकायची जी हौस येते ती आवरा. तिची वसुली पुढचे दोन दिवस होते. तुमच्या वहीत ते दिसेलच.

लोकांचं बोलणं

‘दिसत तर नाहीस आजारी.’ यावर मी ‘हो ना, बरं आहे’ म्हणते आणि कामाला लागते. ‘या वयात सांधेदुखी?’ यावर, ‘हा म्हातारपणाचा नाही, तिशीतही होतो.’ उपाय सुचवणाऱ्यांना ‘डॉक्टरांना विचारते’. त्यातले बरेच मनापासून बोलत असतात. त्यांच्याशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका. पण तुमच्या रजेवरून, वेळेवरून चारचौघांत टोमणे सुरू झाले तर तारीख, वार, शब्द, कोण हजर होतं ते लिहून ठेवा. एकदा त्या व्यक्तीशी एकांतात बोला. थांबलं नाही तर लेखी वर कळवा. तिथे हसून सोडून द्यायचं नाही.

नोकरी सोडावी का

कधीकधी हो. सगळं करून, रीतसर मागूनही कामच असं असेल की ते सांध्यांना रोज थोडं थोडं संपवतंय, किंवा साहेबांनी ठरवलंच असेल की ऐकायचं नाही, तर झिजत बसू नये. पण दुखणं भरात असताना राजीनामा लिहू नका; तेव्हा कोणतीच नोकरी झेपणार नाही असं वाटतं. औषध लागू पडेपर्यंत थांबा. आधी त्याच कंपनीत दुसऱ्या टेबलाची चौकशी करा, अर्धवेळ मिळेल का विचारा, बिनपगारी रजेचा नियम वाचा.

आणि पगारपत्रक करणाऱ्या माणसाकडे एक चक्कर मारा. शिल्लक रजेचे पैसे मिळतात की रजा बुडते, कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशीच संपतो की महिनाअखेरीपर्यंत चालतो, तो स्वतःच्या नावावर पुढे चालू ठेवता येतो का, नव्या विम्यात जुन्या आजारासाठी किती काळ थांबावं लागेल, नवीन ठिकाणी विमा रुजू होण्याच्या दिवशीच लागू होतो की काही महिन्यांनी. मधे एक महिना जरी रिकामा गेला आणि तुमचं इंजेक्शन महागडं असेल, तर हातचा गेला तो पगार परवडला असं म्हणायची वेळ येते. शेवटची तारीख या उत्तरांवरून ठरवा, आणि जमलं तर पुढच्या तपासणीचं रक्त जुना विमा चालू असतानाच देऊन टाका.